मुराळ्याची गाडी

आमच्या हवालदारांनी मिलट्री सोडली तवा पेन्शनीबरोबर घरात एक सवत आनली. सवत म्हंजे मोटार. तांबडी, बुटकी, वरून उघडी, आन् मानसं बसनार दोनच. नगरच्या कॅम्पात हे ज्या साहेबाची गाडी चालवायचे, त्याची बदली झाली आन् जाताना त्यानं ती ह्यांच्या गळ्यात घातली. साहेब तिला शर्यतीत पळवायचा म्हनं. आता आमच्या राहात्याला पेरूच्या बागा, उसाचे फड आन् गाडीवाटा. इथं शर्यत कुनाशी लावायची, रेड्याशी? पन माझं कोन ऐकतंय. कानामागून आली आन् तिखट झाली. सकाळी उठलं की हवालदार आधी तिला पुसायचे, मग चहा मागायचे.

अख्खं गाव त्यांना हवालदार म्हनतं, म्हनून मीबी हवालदारच म्हनते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई.

गाडीचं गावाला लई कौतुक. पुढच्या मडगार्डवर कुनी हात टेकला की ती खाली जायची, वर यायची, परत खाली, परत वर, आपली डुलतच ऱ्हायची. विलायती माल, पाळन्यावानी झुलतो, असं लोकं म्हनायची. मलाबी तसंच वाटायचं. एस्टीत बसलं की हाडं खिळखिळी व्हायची, आन् हिच्यात बसलं की डुलकी लागायची. मऊ चालती ती चांगली गाडी, एवढंच आमाला ठावं.

आमाला एकच लेक, मनकर्णा. तिला नेवाशाला दिली. तिच्या लग्नात तिची चुलतसासू भर मांडवात बोलली, हिला भाऊ न्हाई, सनावाराला हिला न्यायला मुराळी कोन येनार? मुराळी म्हंजे सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन येतो तो. भावाचा मान असतो तो. मला तिथंच रडू फुटलं. हवालदार मात्र पंगतीतून उठले आन् म्हनाले, मी हाय की. तवापास्नं एक सन चुकला न्हाई. नागपंचमी असो नायतर दिवाळी, हे फेटा बांधून नेवाशाला जायचे आन् लेकीला घेऊन यायचे. गाडी आल्यापास्नं तर गाडीतच. मनीच्या सासरी आळीभर लोकं बघायला यायची.

बाहत्तर सालच्या संक्रांतीला मनीला सातवा लागला. पहिलं बाळंतपन माहेरी, म्हंजे तिला आनायला जायचं हुतं. हवालदारांनी आठवडाभर आधीच फेटा धुऊन वाळत घातला.

त्याच्या आधी आमी दोघं डिंक आन् खोबरं आनायला श्रीरामपूरच्या बाजाराला गेलो. परत येताना पाटावरचा उंच पूल लागला. पुलावरून खाली उतरतो न उतरतो तोच समोर उसाची बैलगाडी. ह्यांनी ब्रेक दाबला. गाडीनं नाक खाली खुपसलं, मागची बाजू वर उचलली, आन् ती थांबायच्या ऐवजी बेडकावानी उड्या मारीत आडवी सरकायला लागली. कठडा तर न्हाईच. एका दगडाला चाक अडलं म्हनून ऱ्हायलो. माझ्या बाजूला खाली पाटाचं पानी चमकत हुतं. खोबऱ्याच्या वाट्या सगळ्या रस्त्यावर सांडल्या.

मी त्या वेचल्याच न्हाईत. मी तिथंच सांगून टाकलं, "ह्या गाडीत माझी मनी बसनार न्हाई."

हवालदार स्टेरिंगकडं बघत बसले. मग म्हनाले, मग मी कशात जाऊ? मी म्हनले, लोकं कशात जात्यात? एस्टी हाय, बैलगाडी हाय. त्यावर त्यांनी तोंड फिरवलं आन् गाडी चालू केली. मला वाटलं, झाली ऐट सुरू. हे बैलगाडीत कधी बसायचे न्हाईत, बाजारालासुद्धा पायी जायचे. एस्टीत जागा रिकामी असली तरी उभेच. रात्री खाट सोडून भुईवर घोंगडं टाकून झोपायचे. मिलट्रीची सवय, म्हनायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई, असं मी शेजारनीला सांगायचे. फार वर्सांमागं मिलट्रीत ह्यांची जीप उलटली हुती, तवा कंबर लचकली आन् बरी झाली, एवढंच मला ठाऊक.

माझा जीव टांगनीला लागला. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना न सांगता एस्टी धरली आन् श्रीरामपूरला इसहाक मेस्त्रीकडं गेले. आमची गाडी तोच बघायचा. नाताळ होऊन गेला हुता, त्याच्या गॅरेजच्या दारावर कागदाची चांदनी अजून लटकत हुती. मी त्याला पुलावरचं सगळं सांगितलं. त्यानं तिथं उभ्या असलेल्या एका गाडीचं मडगार्ड दाबलं आन् सोडलं. ती एकदा वर आली आन् गप उभी ऱ्हायली. असं पायजे, म्हनाला. तुमची डुलत ऱ्हाती, म्हंजे तिचे शॉकअप गेलेत. स्प्रिंग गाडीला उडवती आन् शॉकअप त्या स्प्रिंगला आवरतो. आवरनारं कोन ऱ्हायलं न्हाई की चाक रस्ता धरत न्हाई, उड्या मारतं. गाडी मऊ लागती ती चांगली म्हनून न्हाई, बाई, ती मोकाट सुटली म्हनून.

मी म्हनले, मग नवे बसव. तर त्यानं फळीवरून एक खोकं काढलं. आत नवेकोरे शॉकअप, तेलकट कागदात गुंडाळलेले. हवालदारांनीच गेल्या उन्हाळ्यात पुन्याहून मागवून ठिवलेले. बसवू का म्हनून इसहाक दर खेपेला विचारायचा आन् हे म्हनायचे, थांब थोडं.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. का थांब? मी इसहाकला विचारलं. तो जरा घुटमळला, हात पुसत बसला. मग म्हनाला, "नव्यांनी गाडी टनक लागती, बाई. रस्त्यातला खडा न् खडा अंगाला कळतो."

कळंना का, मी म्हनले. खडा कळला तर काय मानूस मरतं व्हय? त्यानं पुढं काही सांगितलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई, मला घर गाठायची घाई हुती.

घरी आले ती तोफ डागतच आले. इतकी वर्सं मोटारी हाकल्यात, तुमाला का कळत न्हाई? कळतं, तरी बसवत न्हाई. लेकीपरास डुलनं प्यारं झालं का? पोरीच्या पोटात पोर हाय, त्याचं तरी काही? हवालदार ऐकत हुते. एरवी शब्दाला शब्द देनारा मानूस, त्या दिवशी उठला आन् गाडीवरून हात फिरवून आला. मग म्हनाले, उद्या बसवतो. भांडन तिथंच मिटलं. मला जिंकल्यावानी वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी ते शॉकअप बसवून आले. मी लगेच अंगनात जाऊन मडगार्ड दाबलं. गाडी एकदा वर आली आन् ठप्प. हवालदार मात्र काचेची चौकट धरून हळूहळू उतरले. मी म्हनले, डिंकाचे लाडू मनीसाठी केलेत, तुमीच खाऊन जड झाला वाटतं. ते हसले.

मनीला आनायच्या दिवशी त्यांनी फेटा बांधला आन् पहाटेच निघाले. मी पुरन शिजवलं, अंगन सारवलं, आन् भाकरीचा तुकडा आन् तांब्या तयार ठिवून दारात बसले. दर हार्नला उठून बघायचे. दुपार कलली तवा गाडी आली, आन् अशी आली की बघत ऱ्हावं. ना डुलली, ना हेलकावली. अंगनात येऊन जिथल्या तिथं थांबली.

मनी हसतच उतरली. "आई, गाडी कशी रस्त्याला चिकटून आली बघ! पाटाच्या पुलावर जरासुद्धा सरकली न्हाई." मी तिच्या पायावर पानी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. लेक आन् तिच्या पोटातलं सुखरूप घरी आलं, माझा जीव भांड्यात पडला.

हवालदार गाडीतच बसले हुते. दोन्ही हात स्टेरिंगवर. मी म्हनले, "उतरा की आता. का तुमालाबी न्यायला मुराळी पायजे?"

"जरा थांब, रतन," ते म्हनाले.

चारचौघांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली न्हवती. मी जवळ गेले. थंडीचे दिवस, आन् फेट्याखालून घामाच्या धारा. ओठ पांढरे पडलेले. मनी मागून म्हनाली, श्रीरामपूरपास्नं आबा बोललेच न्हाईत, मला वाटलं रुसले.

तवा मला सगळं उमगलं. भुईवरचं घोंगडं, एस्टीतलं उभं ऱ्हानं, बैलगाडीचा राग, फळीवरचं खोकं, आन् इसहाकचं घुटमळनं. कंबर बरी झालीच न्हवती. एवढ्या वर्सांत कधीच न्हाई.

मी हळूच म्हनले, कंबर का?

त्यांनी मान हालवली. "गाडी डुलायची ना, म्हनून तेवढं बसता यायचं."

"आन् मला बोलला न्हाईत?"

"बोललो असतो तर तू मला मनीला आनायला जाऊ दिलं असतंस का?"

न्हाई दिलं असतं. मी तसंच सांगितलं, न्हाई दिलं असतं. मला इतका राग आला की त्यांना दोन शब्द सुनवावेत, आन् तितकंच रडूबी आलं. मेला मुराळीपना. गावभर मी ह्यांच्या ऐटीच्या गोष्टी सांगत फिरले, आन् हा मानूस नेवाशापास्नं खडा न् खडा कमरेवर झेलत आला. लेकीला मात्र कळूसुद्धा दिलं न्हाई.

शेजारी एकदोघं धावत आले, उचलू म्हनाले. मी त्यांना थांबवलं. घरात गेले, टोपल्यातली भाकरी मोडली, तांब्या भरला आन् परत गाडीपाशी आले. मुराळ्यावरून कुनी तुकडा ओवाळत न्हाई, आमच्यात तशी रीत न्हाई. लोकं बघायला लागली. बघंनात का. मनीवरून जसा ओवाळला तसाच मी ह्यांच्यावरून तुकडा ओवाळला, पानी फिरवलं, आन् तुकडा वाटेपल्याड भिरकावला.

मग दार उघडलं आन् खाली वाकून खांदा पुढं केला. "आता उतरा," मी म्हनले. "माझ्यावर भार टाका. सगळा टाका."

त्यांनी टाकला.