कलाबाईंची हरकत

चंद्रपूरच्या दीपालीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचं नाव होतं ‘उघड’. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या हातातल्या यंत्रांमध्ये पुन्हा जीव भरायचं काम ते करायचं. यंत्र चालू झालं की तू कोण आणि कशासाठी जन्मलंस, हे त्याला सांगणारा आतला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो बिघडला की यंत्राची वीट होते. ‘उघड’ जुना काढून नवा बसवायचं, तेही फुकट, आणि त्याची एकेक ओळ जगात कुणालाही वाचता यायची. लपवाछपवी दीपालीला खपत नसे. आईच्या पर्समध्ये तिच्या लग्नासाठी पाहिलेल्या चार मुलांचे फोटो होते, ते आईने तिच्यापासून लपवले होते, ती गोष्ट वेगळी.

धानोऱ्याकडच्या एका जंगलगावाने तिला बोलावलं ते एका जीपीएस यंत्रासाठी. गेल्या श्रावणात हे यंत्र गळ्यात अडकवून तिथल्या कलाबाई गावाच्या जंगलाची शीव फिरून आल्या होत्या. कोणत्या झाडापासून शीव वळते, कोणत्या नाल्याला धरून जाते, हे त्यांनाच ठाऊक. सोबत कोणी नको म्हणाल्या, बोलण्यात पाय चुकतात. त्यानंतर गावकरी पहाऱ्याच्या पाळीला तेच यंत्र नेत. आता कलाबाईंचे गुडघे बसले होते आणि यंत्रही बसलं होतं. गुडघ्यांवर दीपालीकडे उपाय नव्हता. सोमवारी सरकारी मोजणीवाले येणार होते. यंत्रातून ती वाट निघाली नाही, तर गावाने आपली शीव दाखवायची कशी?

गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सगळं गाव जमलं. दीपालीने समजावून सांगितलं, आधी यंत्राच्या पोटातलं सगळं बाहेर काढून भिंतीवर सगळ्यांना दाखवायचं, मग तुम्ही हो म्हटलं की नवं फर्मवेअर बसवायचं. गावातल्या लालसूभाऊंनी ते गोंडीत सांगितलं. माना डोलल्या. पण या गावात बहुमत चालत नाही. एकाची जरी हरकत असली तरी काम पुढे सरकत नाही.

हरकत कलाबाईंनी घेतली. कारण विचारलं तर ‘नाई’ एवढंच म्हणाल्या आणि उठून घरी गेल्या.

दीपाली मागोमाग त्यांच्या अंगणात गेली. कलाबाई मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “ते मशीन माह्यासंगं जिथी जिथी गेलं, ते सारं भिंतीवर दिसन?”

“सगळं,” दीपाली अभिमानाने म्हणाली. “तुम्ही थांबलात ती जागासुद्धा.”

“मंग नाईच.”

बऱ्याच वेळाने उलगडा झाला. शीव फिरताना कलाबाई मधेच जंगलात आत, एका वारुळाकडे वळल्या होत्या. तिथे पावसाळ्यात सात्या उगवतात. सात्या म्हणजे रानातल्या अळंब्या. चंद्रपूरच्या बाजारात मटणाच्या भावाने जातात आणि मटणाच्या आधी संपतात. ती जागा सासूने मरताना कानात सांगितली होती. नवऱ्याला अजून पत्ता नव्हता.

“मानूस चांगला हाय,” कलाबाई म्हणाल्या. “पन त्याले दोस्त हायेत.”

दीपालीने उघडेपणाचं तत्त्व समजावून पाहिलं. काहीही लपवायचं नाही, म्हणून तर लोक ‘उघड’वर विश्वास ठेवतात, वगैरे. कलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुह्या घरी न्हाणी हाय का, पोरी?”

“आहे.”

“तिले दार काऊन लावलं?”

 दीपाली अंगणातच लॅपटॉप उघडून बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने एक नवी पायरी घातली. भिंतीवर दाखवण्याआधी ज्याची वाट त्याने एकट्याने पाहायची, आणि हवी तेवढी जागा बोटाने झाकायची. झाकलेलं तिलाही दिसणार नाही. कलाबाईंनी तिला पाठ फिरवायला लावली आणि आपलं काम उरकलं. शीव शाबूत राहिली, आतलं वळण गेलं. हरकत संपली.

पण सकाळी गोटुलात ही सोय कळली आणि लालसूभाऊ खाकरले. म्हणाले, पहाऱ्याच्या आपल्या फेऱ्याही एकदा तपासून घेतलेल्या बऱ्या. मग बिरजूलाही तसंच वाटलं, रुखमालाही. कलाबाईंचे यजमान देवाजी तर सगळ्यांच्या आधी रांगेत होते. एकेक जण लॅपटॉपपाशी जाई, बोट फिरवी आणि निरागस चेहऱ्याने परत येई. दीपाली तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी.

शेवटी शाळेच्या प्रोजेक्टरने नकाशा भिंतीवर पडला. शीव सलग, ठसठशीत, नाल्याशी नाला जुळलेला. आत पहाऱ्याच्या साऱ्या वाटा. त्या चहूकडून येत होत्या आणि एकाच ठिकाणी मावळत होत्या. मधोमध पापडाएवढी कोरी जागा.

 देवाजींनी बायकोकडे पाहिलं, बायकोने छताकडे पाहिलं.

“मशीन जुनी हाय,” कलाबाई म्हणाल्या. “तिथी रेंज नसन.”

रेंज नसेलच, असं लालसूभाऊ म्हणाले. बिरजू म्हणाला, त्या बाजूला कधीच नसते. दीपाली या धंद्यात जाणती. तिनेही मान हलवली. मग यंत्रात नवा जीव भरायचा का, असं विचारल्यावर सगळ्या गावाने एका दमात हो म्हटलं. इतक्या लवकर एकमत त्या गोटुलात कधी झालं नव्हतं.

बटण कलाबाईंनी दाबलं.