मावेज्याची पेरणी

मावेजा खात्यावर पडला आणि जगदेवीच्या चुलीवरून चहाचं आधण उतरेना. जो येई तो सल्ला घेऊन येई. माहेरानं तिच्या नावे करून दिलेला, अहमदपूरजवळचा जमिनीचा तुकडा नव्या रस्त्यात गेला होता. सरकारनं त्याची भरपाई दिली. पण ती कुठं ठेवायची, हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक होतं! एक म्हणे सोनं, दुसरा म्हणे बँक. तिचा नवरा वैजनाथ म्हणे, "प्लॉट! त्याच रस्त्याच्या कडंला. सगळ्याच्या सगळ्या पैशाचा. जमिनीचा भाव कधी खाली येतो व्हय?"

प्लॉट जगदेवीच्याही मनात भरला होता. पण ‘का’ विचारल्याशिवाय तिला घास गिळवत नसे.

"का येत न्हाई खाली?"

"आता बघा! उद्या इसार द्यायचाय अन् हिला आज प्रश्न सुचायलेत."

ती चहा गाळायला लागली, पण प्रश्न गप्प बसेना. लेक ऋतुजा लातूरला राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. पोरीचं पुढचं सारं शिक्षण या पैशावर टेकलं होतं. तो बुडाला किंवा नुसता अडकला, तरी तिची वाट बंद.

दुसरा दिवस येळवशीचा, म्हणजे रानात जाऊन पूजा अन् पंगत करायच्या वेळा अमावस्येचा. घरच्या रानात कडब्याची कोप उभी राहिली, पांढऱ्या रंगवलेल्या दगडांचे पाच पांडव पुजले, मातीच्या बिंदग्यात आंबील आली. नांदेडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी थोरली नणंद ज्ञानेश्वरी सणाला आली होती. भज्जीच्या मिसळभाजीवर भाकरी मोडता मोडता जगदेवीनं तिच्यापुढं तोच प्रश्न ठेवला.

ज्ञानेश्वरी म्हणाली, "भाव खालीही येतो. आणि आला नाही तरी दुसरा सवाल राहतोच. तुला पैसे लागतील, त्या दिवशी गिऱ्हाईक मिळेल का?"

"अक्का, तुझं पुस्तकातलं बोलणं हाय," वैजनाथ हसला. तेवढ्यात बांधावरून लंगडत जाणारी सरजाबाई दिसली. येळवशीला वाटसरूला उपाशी जाऊ देत नाहीत. त्यानंच हाक मारली, "मावशी, या! आंबील घेऊन जावा."

सरजाबाई गुडघा धरून टेकली. तिलाही गेल्या साली मावेजा मिळाला होता, आणि साऱ्याचा तिनं रस्त्याकडंला प्लॉट घेतला होता.

"मावशी, ऑपरेशन कधी करायलाव?" जगदेवीनं विचारलं.

"प्लॉट इकला की."

"भाव न्हाई का?"

"भाव लई हाय माय! भाव ऐकला की छाती फुगती. पण घेणारा कुठाय? समद्यांनीच मावेज्याचे प्लॉट घेतलेत, समद्यांनाच इकायचेत!"

जगदेवी हळूच म्हणाली, "रस्त्यानं जमीन नेली. अन् आपण तिचा सारा पैसा परत त्याच रस्त्यावर ठेवायलोत!"

मग एकदम उसळून म्हणाली, "बरं, मग सारं बँकेत!"

"लागली दुसऱ्या टोकाला पळायला!" ज्ञानेश्वरी हसली. "बँकेत मुद्दल शाबूत राहतं, व्याज ठरलेलं. पण महागाई काही तुझ्या व्याजासाठी थांबत नाही. आकडा वाढलेला दिसतो, आणि त्यात वस्तू मात्र कमीच येतात. जास्त वाढ हवी, तर थोडे चढ-उतार सोसावे लागतात. म्हणून काही भाग म्युच्युअल फंडात."

"शेअर? जुगार हाय तो!" वैजनाथ म्हणाला.

"एकाच कंपनीवर, उसन्या पैशानं, उद्याच्या आशेवर लावलास तर जुगारच! फंडात पुष्कळ कंपन्यांत थोडंथोडं लागतं. तरी पडतं रे. माझंही पडलं होतं. पण ते पैसे मला लगेच नको होते, म्हणून थांबता आलं. सावरलं. मात्र सावरेलच, असं कुणी लिहून देत नाही. आणि जो देतो, त्याच्या दारातून आधी उठायचं!"

जगदेवी रानाकडं बघत होती. तुरी शेंगांनी वाकल्या होत्या, हरभरा घाट्यावर आला होता.

"वन्सं, मला एक सांगा. आपण मूग, सोयाबीन अन् तूर संगटच का पेरतो? मूग दोन महिन्यात घरी येतो, त्यावर पोळा निघतो. सोयाबीन दिवाळीला. तूर पार आता. अंदा पावसानं सोयाबीन कुजलं, तर वरल्या पट्ट्यातली तूर उभी राहिली. पैशाचंबी असंच का? कोणता कधी लागणार, तसा पेरायचा!"

ज्ञानेश्वरीचे डोळे चमकले. "वर्गात हे समजवायला माझा आठवडा जातो गं!"

मग तिथंच बोटांवर मोजत वाटणी ठरली. ऋतुजाचं शिक्षण बँकेत, कारण ते दारात आलंय. म्हातारपणाचा वाटा फंडात, महिन्याला थोडाथोडा. पोरीच्या लग्नापुरतं थोडं सोनं. आजारपणाचं हाताशी, बचत खात्यावर.

"अन् माझा प्लॉट?" वैजनाथनं पडेल आवाजात विचारलं.

"उरल्यात बसला तर घेऊ. न्हाई बसला, तर रस्ता कुठं पळून चाललाय?"

सरजाबाई आंबिलीच्या मिशा पुसत खळखळून हसली. मग वैजनाथनं फोन काढला आणि प्लॉटवाल्याला म्हणाला, "भाऊ, आज इसार न्हाई. आमच्या घरी अजून इचारायचं चालू हाय!"

वाचकहो, बहिणीच्या, सुनेच्या नावावर पैसा आला की आपण तिला सल्ले देतो; तिचा प्रश्न मात्र ऐकत नाही. हीच आपली मोठी चूक! पैसा कुठं ठेवू, हे विचारण्याआधी तो कधी लागेल आणि किती हेलकावे सोसवतील, हे विचारावं. सगळा एका ठिकाणी ठेवू नये. मग ती जमीन असो, सोनं असो, नाहीतर बँक.

दिवस कलला. रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घराकडं निघालेल्या जगदेवीच्या ओठावर आपोआप ओवी आली:

मूग घरी आला आधी, तूर उभी बांधावर,
माझ्या रानाचा गं भार, न्हाई एका पिकावर.