खिशातल्या बावीस ओळी

संपादिकाबाईंनी कंट्रोल आणि व्ही असे काही दाबले, की कपाटातल्या शब्दकोशांनीही दचकून पानं मिटून घेतली. पडद्यावरची ईमेलची चौकट कोरी. पुन्हा दाबलं. कोरीच.

"अहो! इकडे या आधी. तुम्ही या संगणकात घातलेल्या त्या लिनक्सनं माझं पत्र गिळलं."

नवरा हातात पेचकस घेऊनच आला. गावभरचे संगणक दुरुस्त करणारा गृहस्थ. घरचा तेवढा बायकोच्या मते कधीच धड नसे.

पत्र दादाला होतं. आई गेल्यावर तिची शिलाई मशीन दादानं न विचारता कुणाला तरी देऊन टाकली, तेव्हापासून दोन वर्षं बहीणभावांत अबोला. काल त्याचा एका ओळीचा मेल आला होता: 'रविवारी येऊ का?' त्यावर बाईंनी सकाळपासून बावीस ओळी लिहिल्या होत्या. एकेक ओळ अशी, की वाचणाऱ्याच्या चष्म्याला तडा जावा.

"कॉपी केलंस की कट?"

"कट. मी कधी कॉपी करते का?" तीस वर्षं दुसऱ्यांच्या लिखाणाला कात्री लावलेली बाई; मूळ प्रत मागे ठेवणं तिला पसारा वाटे.

"आणि रिकामी फाइल सेव्ह करून बंद केलीस?"

"मग काय, उघडी ठेवून वारा घालू तिला?"

"अगं, कट केलेला मजकूर इथे ज्यात लिहिलंस त्या प्रोग्रामच्याच खिशात राहतो. 'मागशील तेव्हा देईन,' एवढा नुसता शब्द देतो तो. तूच त्याला बंद करून घालवलंस, गेला खिशासकट."

"शब्द देऊन पसार! अगदी दादाच."

"बघतो काही हाती लागतंय का. तू तोंडावर पाणी मारून ये."

बाई परत आल्या, तेव्हा नवरा पेचकस पुसत उभा होता.

"नाही गं. गेलं ते."

बाई पुन्हा लिहायला बसल्या. आधी चौदा ओळी झाल्या, मग सहा. सकाळची धार काही येईना. शेवटी वैतागून त्यांनी दोनच वाक्यं ठेवली, 'ये. मशीन कुणाला दिलीस ते आल्यावर सांग,' आणि माशी मारावी तसं पाठवायचं बटण दाबलं.

रविवारी दादा आला. बराच वेळ चपलेचा पट्टाच सोडवत बसला.

"चिमे, आईला शेवटी न्हाऊमाखू घालायच्या ना, त्या बाईंना दिली. आईनंच सांगितलं होतं. कुणाला बोलू नकोस, म्हणून शब्द घेतला होता माझ्याकडून."

सोमवारी प्रुफं तपासताना बाईंच्या माउसचा बाण चुकून पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका इवल्या चित्रावर पडला. यादी उघडली. महिनाभर कट केलेलं सगळं तिथे तारीखवार साठलं होतं, अगदी एका लेखकाचा उपटलेला स्वल्पविरामसुद्धा. आपणहून काही देत नसे ती यादी. मागायला मात्र जावं लागे.

बाईंनी शनिवारची सकाळ शोधली. साडेनऊचं होतं. साडेअकराचं होतं. मधल्या बावीस ओळी तेवढ्या नव्हत्या.

त्या खुर्चीत मागे रेलल्या. मग एका कोऱ्या पानावर 'लबाड' हा एकच शब्द टाइप केला, कट केला, आणि तो यादीत सगळ्यांत वर बसल्याची खात्री करून हाक मारली,

"अहो, हे कोपऱ्यात काय आहे, जरा बघता का?"