हाकेच्या अंतरावर

कोटाचं वरून दुसरं बटण... निधी ते बोटांत धरून फिरवत होती, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि दोऱ्याचा पीळ वाढत चालला होता — तुटणार, आता तुटणार, असं मंजिरीला वाटत होतं, आणि थांबवायला पुढे गेलेला तिचा हात दर वेळी परत मांडीवर येत होता, कारण पोरीला चारचौघांत टोकायचं नाही असं तिने हल्लीच ठरवलं होतं. समोर मिसेस हॉलंड बोलत होत्या, या नव्या शाळेच्या हेडटीचर. शनिवारची सकाळ, ओपन डे, हॉलला अजून ओल्या रंगाचा वास, आणि खुर्च्यांवर तिच्यासारखेच आईबाप, तोंडावर हसू घेऊन बसलेले.

शाळा लहान होती. लहान म्हणजे इतकी, की अख्खी शाळा या एका हॉलमध्ये मावायची; आणि सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं, त्यामुळे वरचे वर्गच नव्हते, जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, अजून एकही मूल बसलेलं नव्हतं, म्हणजे निकाल नाही, म्हणजे पुण्यातल्या माणसाने शाळा जोखायची तरी कशावर? मैत्रीण नीना, जिला इंग्लंडातल्या या रीडिंग गावच्या प्रत्येक शाळेची कुंडली पाठ, तिने कालच फोनवर बजावलं होतं, "अगं, एकच सायन्स लॅब आहे तिथे. लँग्वेज म्हणजे फक्त फ्रेंच. पीईचे सरच जॉग्रफी शिकवतात. आणि सिक्स्थ फॉर्म नाही, अकरावी-बारावीच नाही, सोळाव्या वर्षी पुन्हा शोधत बसशील." श्रीकांत नेहमीप्रमाणे ऑफिसच्या सॉफ्टवेअर रिलीजमध्ये बुडालेला, "तू बघून ये, तुला जे वाटेल ते फॉर्मवर पहिलं टाकू," एवढं बोलून त्याने लॅपटॉप उघडला. तुला जे वाटेल ते! जबाबदारी देण्याची ही भारी पद्धत आहे नवऱ्यांची.

पण तिला वाटत होतं ते हेच... लहान. घरापासून हाकेच्या अंतरावर. दुसरी शाळा बसने जाण्याच्या अंतरावर, हजारावर पोरं, तास सुटला की जिन्यांवर लोंढा. निकाल उत्तम, सगळं उत्तम, पण मोठं घर पोकळ वासा, आणि त्या वाशांखाली निधी? घरी भाजीवरून हुज्जत घालणारी, टीव्हीतल्या माणसांना उत्तरं देणारी ही मुलगी आताच्या प्रायमरी शाळेच्या फाटकाशी पोचली की तोंडाला कुलूप. कोणी मारत नाही, रागवत नाही, अभ्यासात बरी, आणि बोलत नाही. दर पॅरेंट्स इव्हिनिंगला एकच वाक्य, 'नो ट्रबल ॲट ऑल'. पहिल्या वर्षी मंजिरीला ते कौतुक वाटलं होतं. नंतर नंतर त्या वाक्याची तिला धास्ती बसली — ज्या मुलीचा काहीच त्रास नाही, ती वर्गात आहे हे तरी कोणाच्या लक्षात असतं का?

"इथे कुणीही गर्दीत हरवत नाही," मिसेस हॉलंड म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात मला प्रत्येक मुलाचं नाव पाठ असतं." आणि मंजिरीचे डोळे भरून आले. परक्या बाईच्या एका वाक्याने असं रडू यावं याची तिला लाजही वाटली. ठरलंच, तिने मनात म्हटलं. लॅब एक तर एक.

भाषण संपल्यावर मिसेस हॉलंड खुर्च्यांमधून हिंडत त्यांच्यापाशी आल्या, सोबत शाळेतलीच एक मुलगी, टायवाली, पाहुण्यांना शाळा दाखवायला नेमलेली. बाई चक्क गुडघ्यांत वाकल्या, निधीच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या आणि त्यांनी विचारलं, "ॲन्ड हू आर यू?" निधी बुटांकडे बघत राहिली. बाई थांबल्या. त्या थांबल्याच होत्या, हे मंजिरीला नंतर आठवलं. त्यांना घाई नव्हती, घाई झाली ती मंजिरीलाच. आपल्याकडे मूल गप्प राहिलं की आईने उत्तर द्यायचं असतं, नाहीतर शिकवलं नाही असं होतं.

"निधी," मंजिरीच म्हणाली. "हर नेम इज निधी."

"नीडी! हाऊ लव्हली. वेलकम, नीडी."

टायवाल्या मुलीला खुदकन हसू आलं, तिने त्याचा खोकला केला. ऑक्टोबर आहे, सगळ्यांनाच सर्दी, असं मंजिरीला वाटलं. खरंच वाटलं. गोऱ्यांच्या जिभेला 'ध' पेलत नाही हे तिला माहीत होतं; तिची स्वतःची 'मॅन-जेरी' होऊन किती दिवस झाले, श्रीकांतचा तर नुसता 'श्री' उरला होता. माणसं कामाची असली की नावाचं एवढं काय.

परतताना रस्त्यावर ओली पानं होती. निधी दोन पावलं पुढे चालत होती.

"आई, तू माझा नाव का सांगितला?"

"माझं नाव. का सांगितलंस," मंजिरी म्हणाली. सवयीने. मराठी टिकली पाहिजे ना...

निधी पुढे चालत राहिली. चर्चची भिंत संपली. मग मागे न बघता म्हणाली, "मला तो मोठा शाळा पाहिजे."

'ती मोठी' अगदी ओठांवर आलं होतं; या वेळी मंजिरीने ते गिळलं. "का गं? एवढ्या गर्दीत?"

"तिथे लोड्स ऑफ पीपल. कोण बघत नाही. इथे सगळ्यांना माझा नाव माहीत होणार." आणि मग थांबून, वळून, लहान मुलाला समजवावं तशा आवाजात, "नीडी, आई. इट्स अ वर्ड. तुला माहीत नाही?"

माहीत होता. तो शब्द दाराच्या फटीतून आत पडणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर छापलेला असायचा, जुने कपडे द्या, गरजूंसाठी, 'फॉर द नीडी'. आणि निधीला आखूड झालेले फ्रॉक घड्या घालून मी त्यात भरायचे. तोच शब्द. दर पॅरेंट्स इव्हिनिंगला माझ्यासमोर बसून त्या टीचर म्हणायच्या, नीडी इज अ क्वाएट गर्ल, नीडी इज नो ट्रबल, आणि मी हसून मान डोलवायचे... थँक्यू म्हणायचे! माझ्या कानांना तो ॲक्सेंट वाटायचा. आणि तिच्या कानांना? मैदानावर पोरं जेव्हा ओरडत असतील तेव्हा?

नाव मीच निवडलं होतं. वन्संना देवयानी ठेवायचं होतं, बारशाला त्या हट्टालाच पेटल्या होत्या, पण श्रीकांतचं परदेशाचं चाललेलं, आणि मी म्हटलं, छे, देवयानीचे तिकडे तुकडे करतील, काहीतरी छोटं हवं, सोपं, कोणालाही म्हणता येईल असं. निधी म्हणजे ठेवा. सासरे हसले होते, "निधी? मग पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा करायची का?" सगळे हसले, मीही हसले, आणि वन्संनी पाळण्यात वाकून तिच्या कानात ते सांगितलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असं लोकांचं होतं. इथे पोरीच्या हातात सगळं होतं आणि कथलाचं नावच निघालं.

"आपण परत जाऊ," मंजिरी म्हणाली, आवाज चढलाच. "मी त्या बाईंना नीट सांगते कसं म्हणायचं ते. चांगल्या आहेत गं त्या, ऐकतील."

"नको!" निधीचा चेहरा खरोखर घाबरला होता. "ती ऐकणार. मग असेंब्लीत सगळ्यांना सांगणार. मग सगळे ट्राय करणार, एकेक. नि-डी, नि-ढी. प्लीज, आई. नको."

मंजिरीला तो हॉल दिसला, ओल्या रंगाचा, आणि तोंडं वासून 'ध' म्हणू बघणारी ती सगळी भली मुलं. कोणीच हरवू देणार नव्हतं हिला तिथे. आणि हिला हरवायचंच होतं, नवं नाव सापडेपर्यंत किंवा हे जुनं होईपर्यंत, जे आधी होईल ते. पण हजार पोरांत गेलेली मुलगी तिकडेच राहिली तर? कुलूप तसंच गंजलं तर? सोमवारी श्रीकांत विचारील, कोणती पहिली टाकू, आणि मी काय सांगू... बोलायला लावणारी, की बोलली नाही तरी चालेल अशी?

निधी चालू लागली होती, पटपट, डोकं खाली घालून, आणि पुढे रस्ता ओलांडायचा होता. कोपऱ्यावरून एक व्हॅन वळत होती. मंजिरीने हाक मारायला तोंड उघडलं. नाव ओठांशी आलं, पुरता श्वास भरलेल्या 'ध'सकट, पुण्याच्या घरातलं, पाळण्यातलं — आणि तिच्याच कानांना आधी तो दुसरा शब्द ऐकू आला.

"अगं!" ती ओरडली. "अगं, थांब!"

मुलगी थांबली. रस्त्यावरच्या आणखी दोघी बायकांनीही वळून पाहिलं, आणि मंजिरीला कळेना, आता पुढे काय म्हणायचं.