बरणीवरचा धावपटू

उपडी. साखरेची बरणी टेबलावर चक्क उपडी — आणि साखर? साखर स्टीलच्या डब्यात, न विचारता. सुनेची ही खोड मोठ्या बाईंना पहिल्या दिवसापासून खटकते: वस्तू दिसली की आधी तिचं बूड बघायचं. माणसांचंही बघत असेल, नेम नाही. तिची नोकरीच तसली. घरोघरचे खेळाडूंची चित्रं असलेले ट्रे, घड्याळं, मग, राखदाण्या गोळा करायच्या, कोणती कधीची ते ठरवायचं आणि संग्रहालयात मांडायचं. यांना बक्षीस मिळालेली ही बरणी तिथं ठेव, असं मोठ्या बाईंनीच ऐटीत सांगितलं होतं. शेजारी कार्ड हवं — यांचं नाव, लग्नाच्या आदल्या वर्षीचं साल, आणि खाली 'धावण्याच्या शर्यतीत पहिला क्रमांक'. हे गेले तरी ती ओळ घरात राहिली होती. तिच्या जोरावर मी जावांसमोर मान ताठ ठेवली.

"आई, ही त्या सालची नाही," भिंगावरची नजर न काढता सून म्हणाली. "चित्र हातानं रंगवलेलं नाही. छापून चिकटवलंय, मग भट्टीत भाजलंय. बघा, ठिपके दिसतात. आणि तळाचा हा शिक्का कारखाना फार पुढे मारायला लागला. तुमच्या लग्नानंतर दहा-अकरा वर्षांनी."

"तुझं भिंग पूस."

"पुसलंय."

दहा-अकरा वर्षांनी... म्हणजे आई अंथरुणाला खिळली आणि मी दोन महिने माहेरी होते, ते वर्ष. परत आले, चहा टाकायला बरणी काढली आणि हात थबकला. तिच्यावरच्या पळणाऱ्या माणसाचं तोंड आधी डावीकडे होतं, ते उजवीकडे! बरणी कशीही फिरवा, उजवीकडेच. मी तसं म्हटलं. हे खो खो हसले — "दमला असेल, परत फिरला." पोरंही हसली, त्यांतला थोरला जरा जास्तच. हसण्यावारी नेलं तिथवर ठीक होतं, पण चार दिवसांनी हे मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काळजीनं. हात धरून. आणि चष्मा लागला — लागला म्हणजे काय, नाकावर बसला... तोच नंबर वाढत वाढत आज इथवर आलाय.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. शिक्क्याची परकी, मुंगीएवढी अक्षरं होती तिथंच होती. रोज घासलेली, हाताखालून हजारदा गेलेली. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईला ती लागणार नाहीत, हे यांना पक्कं ठाऊक. लपवायचीसुद्धा गरज पडली नाही. पोरानं फोडली असेल, त्याला मार बसू नये म्हणून दुसरी आणली असेल, मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले असतील — असेल, असेल. पण ज्याला दुसरी बाजारात मिळाली, त्यानं पहिली तरी पळून मिळवली होती कशावरून? यांना पळताना पाहिलंय कोणी? बसमागे तरी?

आणि माझे डोळे... माझे डोळे तर तेव्हा धड होते.

सुनेनं भिंग मिटलं. खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या ना आई. मी जुनंच साल घालते. कार्ड वाचून बरणी उलटी करायला कोण येणारे?"

कोण येणारे. अगदी याच आवाजात, असाच यांचाही खांद्यावर हात. डॉक्टरच्या जिन्यावर.

मोठ्या बाईंनी तिचा हात उचलून टेबलावर ठेवला, बरणी सुलटी केली.

"मघाशी तोंडावर बोललीस तेव्हा राग आला, पण बरोबरीची वाटलीस," त्या म्हणाल्या. "आता तूही मला सांभाळून घ्यायला लागलीस. यांच्यासारखीच आहेस — गोड आणि लबाड. घे ते कार्ड. तुला दिसलं तेच साल लिही. आणि खालची ओळ कोरी सोड."