वेलीखालचा पाइप

मित्रांनो, घराला रंग पुढून देतात, दिवे पुढे लावतात आणि पाहुणेही पुढूनच येतात. माझी जागा मागे. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून वरच्या खोलीपर्यंत भिंतीला धरून चढलेला, एकेकाळी पांढरा आणि आता चहाच्या रंगावर गेलेला जुना पाइप, तो मी. माझ्या पोटात विजेच्या तीन वायरी आहेत.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ओळंबा वायरमनच्या खांद्यावर. त्याचं पाळण्यातलं नाव कोणी घेत नसे. रेषा तीळभर वाकडी गेली तरी तो केलेलं काम उतरवून पुन्हा करायचा, म्हणून भिंत सरळ आहे का ते बघायच्या गवंड्याच्या ओळंब्यावरून लोक त्याला ओळंबा म्हणू लागले, आणि त्यालाही ते आवडून गेलं.

या घरात आजी-आजोबा राहतात. आजोबांना दमा आहे. वाफेतून औषध देणारं यंत्र त्यांच्या उशाशी असतं. त्यासाठी वरच्या खोलीत भरवशाची लाइन हवी होती.

"आतून भिंत फोडून नेऊ का, मावशी? दिसायला बरं," ओळंब्याने विचारलं.

"फोड, आणि धुळीने यांचा जीव घे," आजी म्हणाली. "बाहेरून ने बाबा. मागे कोण बघायला येतंय?"

"मी येतो ना," ओळंबा म्हणाला.

त्याने निळीत बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर रेघ उठवली. हातहातभर अंतरावर क्लॅम्प ठोकले. वायरी खोलीत न्यायचं भिंतीतलं वरचं भोक त्याने बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडलं, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरायला नको. संध्याकाळी वर यंत्र घरघरू लागलं, आजोबांची धाप हळूहळू कमी झाली, आणि मला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटलं.

पुढे मात्र माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. उन्हाने मी पिवळा पडलो. कामात खंड नव्हता, म्हणून तक्रारही नव्हती.

मग आजोबांचं जिना उतरणं बंद झालं. खिडकीतून त्यांना समोरच्या घराची पाण्याची टाकी तेवढी दिसे. आजीला ते बघवेना. तिने माझ्या पायाशी निळ्या फुलांची वेल लावली आणि तिचे कोवळे शेंडे चिंध्यांनी माझ्या अंगाला बांधले. चिंधी बांधताना ती गाठ सैल ठेवायची, वेलीला काचू नये म्हणून. दुसऱ्या वर्षी वेल खिडकीला पोहोचली.

"अगं, कालची ती रुसलेली कळी उमलली," आजोबा सकाळीच वरून हाक मारत.

खरं सांगतो, मी हुरळून गेलो. मागच्या गल्लीतून जाणारे थांबून म्हणत, काय सुंदर भिंत आहे. ते वेलीबद्दल बोलत होते, पण मी ते माझ्या खात्यात घेतलं. तोवर वेलीचा दांडा अंगठ्याएवढा जाड होऊन माझ्या आणि भिंतीच्या मध्ये शिरला. एकेक क्लॅम्प सुटला. वरच्या वळणावरचा माझा सांधा उघडला आणि माझं तोंड भिंतीकडे कलंडलं. मला ते कळत होतं. सांगणार कोणाला?

तिसऱ्या वर्षी दोन दिवस पाऊस लागून राहिला. दुपारी आजोबा वाफ घेत असताना यंत्र बंद पडलं. खाली मेनच्या पेटीत वरच्या खोलीचं बटण आपोआप पडलं होतं, ते आजीने वर केलं. ते पुन्हा पडलं. तीनदा तसंच झालं. वरून आजोबांच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. आजीने ओळंब्याला फोन लावला.

"त्या बटणाला आता हात लावू नका," तो म्हणाला. "स्वयंपाकघरातून लांब वायरचा बोर्ड वर न्या, यंत्र त्यावर लावा. मी निघालोच."

यंत्र सुरू झालं. आजी जिन्याच्या पायरीवरच बसून राहिली.

पाऊस थांबल्यावर ओळंब्याने मेन बंद करून शिडी लावली आणि पानं बाजूला केली.

"मावशी, हे कोणाचं काम?"

"माझंच."

"दुसरं कोणी असतं तर चार शब्द ऐकवले असते." त्याने माझा उघडा सांधा बोटाने चाचपला. "पाणी थेट आतल्या बोर्डात गेलंय. माझ्या रेषेवरची वेल सगळी काढावी लागेल."

"तिच्याकडे बघून दिवस काढतात रे ते," आजी म्हणाली.

आजोबांनी खिडकीत येऊन मास्क खाली ओढला. "काप म्हणावं हिला ती वेल. बघायला ही आहे मला, तेवढं बास."

"गोड बोलू नका. मास्क लावा," आजी म्हणाली, आणि कात्री आणायला आत गेली.

तिने स्वतः कापली, बुंध्याजवळ वीतभर ठेवून. ओळंब्याने मला नवं वळण लावलं, नवे क्लॅम्प ठोकले, ओला बोर्ड बदलला. मग कोणी न सांगता खिडकीच्या दुसऱ्या अंगाला दोन खिळे मारून एक तार ताणली. "ही वेलीची वाट," तो म्हणाला. "ही मात्र वाकडी वाढली तरी चालेल."

आता दर आठवड्याला आजी काठी टेकत मागे येते आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळते.

"काय म्हणतोय तुझा पाइप?" आजोबा वरून विचारतात.

"तुमच्यासारखी कुरकुर करत नाही," ती म्हणते. "म्हणूनच बघायला यावं लागतं."

तेव्हा मित्रांनो, तुम्हीही कधी घराच्या मागे जा. आम्हाला हात लावू नका, आमच्यावर कपडे वाळत घालू नका. नुसतं नीट बघा. काही सुटलेलं, लोंबलेलं दिसलं तर लगेच घरातल्या मोठ्यांना हाक मारा. आम्हाला हाक मारता येत नाही, आणि वर कोणीतरी आमच्या भरवशावर श्वास घेत असतं.