चार वाजताचं नेट

फोनचा नंबर नव्या कंपनीत न्यायचा, हे निंबानं ठरवलं ते चुलतभाऊ अभिमनच्या सांगण्यावरून. अभिमन बोलला म्हणजे निंबाला आणखी कोणाला विचारायची गरज वाटत नसे. मागे याच अभिमननं बोअरची जागा दाखवली होती. तिथं तीनशे फूट खाली नुसता दगड लागला, तरी निंबाचा विश्वास तसूभर हलला नव्हता. आता अभिमन म्हणाला की नव्या कंपनीची रेंज थेट केळीच्या बागेत येते, तेव्हा विषय संपला.

निंबाची बायको लताबाई हिला कोणी विचारलं नाही. टच फोन दिवसभर तिच्याजवळ असे, केळीचे भाव ज्या ग्रुपवर येतात तो ग्रुप तीच वाचून दाखवी, घडांचे फोटो व्यापाऱ्याला तीच पाठवी. पण फोन घरचा होता आणि घरचं काय ते निंबा ठरवी. त्याच्या स्वतःच्या खिशात बटनांचा साधा फोन होता. टच फोनवर तो रोज संध्याकाळी एकच गोष्ट बघे: कोणाचे फोन आले, कोणाला गेले. त्याच्या मनात संशय नव्हता, व्यापाऱ्याचा फोन हुकायला नको एवढंच. पण बघे.

त्या फोनचा आणखी एक उपयोग होता आणि तो निंबाला ठाऊक नव्हता. रोज चार वाजता लताबाई बागेत जाई, ठिबकच्या नळ्या बघायला म्हणून. तिथं ती धुळ्याला मयुरीला व्हिडिओ कॉल लावी.

मयुरी त्यांची एकुलती एक मुलगी. दीड वर्षापूर्वी तिनं नवीन नावाच्या मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा नरडाण्याच्या कारखान्यात कामाला, शांत, निर्व्यसनी. फक्त जातीतला नव्हता. निंबानं आरडाओरडा केला नाही, शाप दिले नाहीत. त्यानं त्या दिवसापासून मुलीचं नाव घेणं बंद केलं, आणि घरात कोणी ते घेऊ नये हे न सांगताच सगळ्यांना कळलं. गावानं त्याच्या या शांतपणाचं कौतुकसुद्धा केलं. गावाला असल्या गोष्टींचं कौतुक असतंच.

साधा फोन लावला तर नाव यादीत राहतं, म्हणून हे नेटवरचं बोलणं. यादीतून नाव पुसता येतं हे लताबाईला माहीत होतं, पण ती ते करणार नव्हती. तिच्या हिशेबी लपून बोलणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं. पोटच्या पोरीचं नाव आपल्या हातानं पुसायचं, हे तिला होण्यासारखं नव्हतं. चारच्या चहाच्या सुट्टीत मयुरी, ती कामाला होती त्या लॅबच्या जिन्यात बसे आणि आईला आज काय भाजी केली ते सांगे. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांवर लताबाईचे उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं निघत.

सोमवारी सकाळी नवं सिम चालू झालं. फोन लागत होते, नेट मात्र बंद. निंबा तिला गाडीवर बसवून रावेरला मोबाइलच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार अरशदनं फोन हातात घेतला आणि हसला. "अक्का, जुन्या कंपनीची सेटिंग तशीच राहिलीय. सिम बदललं, फोनला सांगायचं राहिलं." त्यानं जुनी सेटिंग काढली, नवी भरली, फोन बंद करून चालू केला. नेट धो धो सुरू झालं. निंबा शेजारी टेकून उभा होता, त्यामुळे लताबाईनं केळीचा ग्रुप उघडून भाव तेवढे बघितले.

घरी आल्यावर नेट पुन्हा बंद.

सोमवारचे चार वाजले, मंगळवारचे वाजले. लताबाई बागेत जाऊन फोन वर धरून उभी राही, बंद करी, चालू करी. रेंजच्या काड्या भरलेल्या आणि आत काही येत नव्हतं. मयुरी काय समजत असेल, या विचारानं तिला जेवण जाईना. मंगळवारी रात्री तिनं सहज म्हटल्यासारखं काढलं, "रावेरले जाऊन येऊ का पुन्हा? नेट नाई फोनले."

"तुले नेटचं काय काम पडलं?" निंबा म्हणाला. "भाव मी इचारून घेतो फोनवर."

तिच्याकडे खरं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

बुधवारही तसाच गेला. गुरुवारी व्यापारीच तिच्या मदतीला आला म्हणायचं. त्यानं निंबाला कळवलं की आधी घडांचे फोटो पाठवा, मगच कापणीला माणसं धाडतो. आता नेट निंबाचंही काम झालं, आणि ताबडतोबीचं झालं. ओट्यावर बसून त्यानं लताबाईकडून अरशदला फोन लावून घेतला, स्पीकरवर.

"अक्का, काड्यांच्या शेजारी बारीक इंग्रजी आर दिसतो का?" अरशदनं विचारलं.

"दिसते."

"मग बरोबर. तुमचं गाव हद्दीवर. या कंपनीचा टॉवर तुमच्याकडे नाही, फोन पलीकडचा मध्य प्रदेशातला पकडतोय. रोमिंग बंद ठेवलंय तुम्ही. ते चालू करा, काम झालं."

रोमिंग बंद ठेवलं होतं निंबानंच. त्या गावात रोमिंग सगळेच बंद ठेवत. पूर्वी घरच्या ओट्यावर बसूनसुद्धा फोन हद्दीपलीकडचा टॉवर पकडायचा आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. निंबाचा एकदा सगळा बॅलन्स असा गेला होता. रोमिंगचे पैसे लागायचे केव्हाच थांबले, तरी घरात नवा फोन आणला की त्याचं पहिलं काम ते बटन बंद करायचं. या फोनमध्ये त्याला तेवढं एकच बटन माहीत होतं.

"आण इकडे," तो म्हणाला. लताबाईनं फोन दिला. नेट येणार या आनंदात तिला पुढचं काही सुचलंच नाही.

निंबानं बटन सरकवलं. क्षणभर काही झालं नाही. मग फोन त्याच्या हातात थरथरू लागला आणि चार दिवसांचं साचलेलं एकामागून एक वरून उतरू लागलं. भाव, सुविचार, कोणाचा तरी वाढदिवस, आणि मध्ये मध्ये मयुरी. मयुरी. मयुरी.

निंबा वाचत होता. शाळा सातवीपर्यंतच झालेली, म्हणून सावकाश, ओठ हलवत.

आई, आज नेट नाही का? आई, काय झालं? पप्पांना कळलं का? त्यांनी फोन काढून घेतला का? तुला मारलं तर नाही ना? आई, मी येऊ का तिकडे?

मारलं तर नाही ना, ही ओळ त्यानं दोनदा वाचली.

"कव्हापासून?" त्यानं विचारलं.

"पह्यल्या दिवसापासून," लताबाई म्हणाली. आता खोटं बोलायची तिला इच्छा राहिली नव्हती.

"मी तुले कधी हात लावला का? तिले कधी लावला?"

"नाई."

"मंग हे असं काहून लिहिलं तिनं?"

"दीड वर्सात तुमी काय बोलले नाई," लताबाई म्हणाली. "माणूस बोलला नाई, की समोरच्यानं काय समजायचं ते त्याचं तोच समजते."

तिकडे धुळ्यात मयुरीला आपले निरोप पोचल्याच्या खुणा दिसल्या असाव्यात, कारण चार वाजायला अजून बराच अवकाश असताना फोन वाजू लागला. काचेवर तिचा फोटो आला. लताबाईनं हात पुढे केला, पण निंबानं फोन दिला नाही.

"कसा उचलतात?"

"हिरवं वर सरकवा."

त्यानं सरकवलं. समोर जिना दिसला, पांढऱ्या कोटातली मयुरी दिसली. वाळली होती. "आई," ती म्हणाली. तिनं बापाचा चेहरा बघितला, तिचे डोळे मोठे झाले, आणि तिनं फोन कापला.

निंबा काळ्या पडलेल्या काचेकडे बघत होता. एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड असं उतरलेलं लताबाईनं आजवर बघितलं नव्हतं. तिला त्याची दया आली, आणि दीड वर्षाचा रागही आला. दोन्ही एकदम.

"परत कसा लावतात?" तो म्हणाला.

"ती पुन्हा कापीन."

"कापू दे." त्यानं फोन तिच्यासमोर धरला, पण हातातून सोडला नाही. "कुठी दाबू ते सांग."